चंद्राच्या सोळा मात्रा

आयुष्यभर नुसती गाणी ऐकलेल्या माणसाला एके दिवशी स्वतः गाणे रचावेसे वाटले, तर त्याच्या वाटेत सर्वांत आधी आडवा येतो तो त्याचाच कान. हा कान वर्षानुवर्षे उत्तमोत्तम गाण्यांवर पोसलेला असतो. सूर कुठे घसरला आणि ताल कुठे सुटला हे त्याला कुणी न सांगता कळते. गळा, बोटे आणि लेखणी ही मंडळी मात्र अजून बालवर्गात बसलेली असतात. त्यामुळे एखादी ओळ तोंडातून पुरती बाहेर पडण्यापूर्वीच माझा कान एखाद्या मुरब्बी समीक्षकासारखा नाक मुरडतो. (कानाने नाक मुरडावे हे शरीरशास्त्राला धरून नाही, याची मला कल्पना आहे, पण माझ्या घरी ते रोज घडते.)

शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो तेव्हा वहीत चार ओळी लिहूनच गेलो होतो. बाईंनी वहीकडे पाहिलेसुद्धा नाही. “तुमची पट्टी कोणती?” एवढेच त्यांनी विचारले. शुद्ध स्वर सात, त्यांत कोमल चार आणि तीव्र एक मिळवला की बारा, हा हिशेब मी पाठ केलेला होता; त्यामुळे बारांतला एक शोधायला कितीसा वेळ लागणार, अशा समजुतीत मी ऐटीत आकार लावला. बाईंनी पेटीची पांढरी एक दाबली, तर मी तिच्या जरासा वर निघालो. काळी एक दाबली, तर जरासा खाली. त्या सप्तकात पांढरी एक सेकंदाला सुमारे 131 कंपनांची आणि काळी एक सुमारे 139 कंपनांची असते. या दोघींच्या मधल्या फटीत, जिथे पेटी बनवणाऱ्याने धुळीखेरीज कशाचीही सोय केलेली नाही, तिथे माझा सा राहतो, आणि तिथेही तो एका जागी राहत नाही. “शास्त्रात सप्तकाच्या 22 श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक पायऱ्या, सांगितल्या आहेत,” बाई शांतपणे म्हणाल्या, “त्या सगळ्या एकट्या सा मध्ये लावू नका.”

सा स्थिर आहे की नाही हे तपासण्यासाठी स्वतःचे गाणे मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावे, असा सल्ला सगळेच देतात, आणि तो देताना ते एकमेकांकडे पाहून हसतात असा मला संशय आहे. आपण बोलतो किंवा गातो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, पण कवटीच्या हाडांतूनही पोचतो, आणि हाडांतून येणारा खर्ज त्याला उगाचच एक भारदस्तपणा देतो. रेकॉर्डिंगमध्ये ही हाडे नसतात. तेव्हा मोबाइलमधून जो पातळ, किंचित तक्रारखोर आवाज आला, तो ऐकून मी प्रथम फोन कुणाचा आहे ते पाहिले. वाईट याचे वाटले की इतकी वर्षे माझा तो भारदस्त आवाज फक्त मलाच ऐकू येत होता. बाकीचे सगळे हा दुसराच आवाज ऐकत होते, आणि एकानेही कधी तसे सांगितले नाही.

तरीही सुराचे दुःख मी सहन केले असते. खरा छळ मात्रांचा आहे. गाणे ऐकताना आपण सहज मान डोलावतो, टेबलावर बोटे वाजवतो, आणि त्यावरून ताल आपल्या अंगात आहे असा समज करून घेतो. केरवा हा अगदी घरगुती ताल: मात्रा आठ, खंड दोन, पहिल्या मात्रेवर सम आणि पाचवीवर काल. ‘धा गे ना ती, न क धि न’ एवढे म्हणत पहिलीला टाळी द्यायची आणि पाचवीला हात नुसता हवेत सोडायचा. नुसते बोल म्हणा, मी म्हणेन. नुसती टाळी द्या, तीही देईन. दोन्ही एकदम सुरू झाले की माझा हात ‘ना’वर पोचलेला असतो आणि जीभ अजून ‘गे’जवळ कुणाची तरी वाट पाहत उभी असते. कालाच्या जागी टाळी पडते, समेला हात हवेत राहतो. पाहणाऱ्याला वाटावे, मी कुणाला तरी निरोप देतो आहे. मग बाईंनी बोल बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागी माझ्या चार ओळींतली पहिली ओळ म्हणायला सांगितली, म्हणजे गळ्याला सूर, जिभेला शब्द आणि हाताला ताल अशी तीन खाती एकट्या माणसाकडे सोपवली. त्यानंतर काय झाले त्याचे वर्णन टाळतो.

घरी सरावासाठी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र, लावला. 1815 साली मेल्त्सेल नावाच्या गृहस्थाने या यंत्राचे पेटंट घेतले. मुळातली कल्पना विंकेल नावाच्या दुसऱ्याच माणसाची होती आणि मेल्त्सेलने ती आपल्या नावावर खपवली. दुसऱ्याच्या घरातून उचलून आणावी अशी यात कोणती वस्तू होती, हे मला आजतागायत समजलेले नाही. मिनिटाला साठ ठोके, म्हणजे सेकंदाला एक, यापेक्षा सोपी लय नसेल. तरीही चौथ्या-पाचव्या ठोक्यापासून ते यंत्र घाई करू लागते. घरच्यांना मी तसे सांगितले, तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. घड्याळही यंत्राच्याच बाजूचे निघाले.

शेवटी एकदाची वही उघडली गेली. माझ्या गाण्याचा विषय अबोला हा होता. पहिली ओळ ‘चंद्र ढगांशी बोलत नाही’ अशी होती, आणि ती मला तेव्हाही बरी वाटत होती. बाईंनी पेन्सिलीने प्रत्येक अक्षराखाली आकडे घातले: लघूला एक, गुरूला दोन. चंद्र तीन, ढगांशी पाच, बोलत चार, नाही चार. एकूण सोळा, आणि तेही आठ-आठच्या दोन नेटक्या भागांत. मला काहीही ठाऊक नसताना माझ्या हातून पादाकुलक या मात्रावृत्ताचा चरण पडला होता. हा आनंद दुसऱ्या ओळीपर्यंत टिकला. ‘पाऊस कुणाला सांगत नाही’ या ओळीत पाऊस पाच मात्रांचा, कुणाला पाच मात्रांचा. म्हणजे पहिल्याच भागात दोन मात्रा जास्त. “पावसाचा ऊ र्‍हस्व करा, कवींना तेवढी मुभा असते,” बाई म्हणाल्या. ‘पाउस’ असे लिहिले, एक मात्रा वाचली. उरलेल्या एका मात्रेसाठी ‘कुणाला’ काढून ‘काही’ घातले, तेव्हा ‘पाउस काही सांगत नाही’ ही ओळ मापात बसली. पाऊस कुणाला सांगत नाही, यात एक माणूस होता आणि त्याच्यामागे एक गोष्ट होती. आता पाऊस नुसताच काही सांगत नाही. एका मात्रेपायी माझ्या गाण्यातला नायक हद्दपार झाला. यमकासाठी बाणेदारपणा सोडणारे कवी मी पाहिले होते, पण बेरजेसाठी माणूस सोडावा लागतो हे नवीन होते.

चाल लावणे हा भाग त्यामानाने लवकर उरकला, कारण मला सुचलेली पहिली चाल दुसऱ्या कुणाची तरी होती आणि दुसरी चाल म्हणजे पहिलीच, पण हळू. तिसरी चाल थोडीफार माझी म्हणता येईल. तिच्यात ‘बोलत’मधल्या शेवटच्या ‘त’वर एक लांब, नक्षीदार सूर येत होता. बोलताना आपण त्या ‘त’मधला अ जवळजवळ गिळून टाकतो, गाताना तो उच्चारावा लागतो, इथवर ठीक. पण तो लघु ‘त’ मी प्रेमाने लांबवला आणि ओळ ‘चंद्र ढगांशी बोलताऽऽ नाही’ अशी ऐकू येऊ लागली. “तुमचा चंद्र परप्रांतीय वाटतो,” बाई म्हणाल्या. लांबवायचेच असेल तर ‘बो’ लांबवा, ‘ना’ लांबवा, ‘ही’ लांबवा, गुरू अक्षरे त्यासाठीच असतात, असे त्यांनी समजावले. मात्र माझ्या चालीतली सगळी नक्षी नेमकी लघु अक्षरांवर पडलेली होती. त्यातून साथीला पेटीवर सा-ग-प असे तीन स्वर एकदम दाबायचे होते. यातला ग शुद्ध असेल तर वातावरण प्रसन्न राहते आणि शेजारचा कोमल ग लागला तर ते उदास होते. आनंद आणि दुःख यांच्यात फक्त एका पट्टीचे अंतर आहे, आणि माझे मधले बोट जाडसर असल्यामुळे ते दोन्हींवर एकाच वेळी पडते.

गेल्या खेपेला बाईंनी सगळी चाल डोळे मिटून ऐकली आणि हिला केरव्यापेक्षा दादरा शोभेल, असे मत दिले. मला ते कौतुक वाटले. दादरा सहा मात्रांचा आहे आणि सोळाला सहाने भाग जात नाही, हे घरी आल्यावर ध्यानात आले. मला उपाय दोनच दिसले: प्रत्येक ओळ आठ मात्रांनी ताणून चोवीसवर न्यायची, किंवा चार मात्रा छाटून बारावर आणायची. आठ मात्रा ताणण्याइतका माझा दम नाही, तेव्हा छाटणे आले. दोन्ही ओळींत सहज निघण्याजोगा चार मात्रांचा एकच शब्द सापडला, तो म्हणजे ‘नाही’. तो काढला. ‘चंद्र ढगांशी बोलत, पाउस काही सांगत’: मोजून बारा-बारा मात्रा, दादऱ्याची दोन-दोन आवर्तने. अबोल्यावरच्या गाण्यात आता चंद्र बोलतो आहे आणि पाऊस सांगतो आहे. काय सांगतो आहे ते मला अंतऱ्यात लिहायचे आहे, आणि बाईंची ताकीद अशी आहे की त्याने जे काय सांगायचे ते बारा मात्रांत आटपावे.