नळ आले!

पुण्यातल्या ऑफिसात सतरा सप्टेंबरची रजा मागितली की साहेब दरवर्षी विचारतात, "आता कशाची सुट्टी?" मग मी हैदराबादचा निजाम, त्याच्या बाजूचे सशस्त्र रझाकार, मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ असं सगळं उभ्या उभ्या सांगतो. देश सुटला १५ ऑगस्ट १९४७ ला, आमचा मराठवाडा हैदराबाद संस्थानातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. मध्ये ३९९ दिवस. "म्हणजे तुम्हाला स्वातंत्र्य दोन हप्त्यांत मिळालं," असं म्हणून साहेब सही करतात आणि मी रात्रीच्या गाडीने परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव गाठतो.

आमच्या घरात हा सण आण्णांचा. आण्णा निवृत्त मास्तर. खादीचा सदरा आदल्या रात्रीच इस्त्री होऊन खुंटीला. सकाळी घरातलं झाडून सगळं माणूस झेंडावंदनाला हजर पाहिजे. उशीर केला की पोलीस ॲक्शन सुरू. "तेरा तारखेला भारताच्या फौजा शिरल्या, सतराला निजाम शरण! पाच दिवसांत अख्खं संस्थान आवरलं, आन् तुमच्या अंघोळी आवरंनात!"

यंदा अंघोळी आवरल्या होत्या. आईने ठेवणीतली साडी नेसली होती, वहिनीने पोरांच्या खिशाला झेंडे लावले होते. आण्णा घड्याळ बघत होते. तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "नळ आले!"

ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना या दोन शब्दांतला थरार कळायचा नाही. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतात, कधी दहाव्या. जायकवाडी धरण भरलेलं असो नाहीतर आटलेलं, नळाचं पंचांग बदलत नाही. येतात ते तासभर, आणि नेमके घरात लग्न, मयत किंवा पाहुणे असताना.

आईने ठेवणीतल्या साडीचा पदर खोचला. दादाने पाणी ओढायची टिल्लू मोटर लावली. घागरी, कळश्या, बादल्या, टिपाड, पोरांचा टब, सगळं अंगणात रांगेत उभं राहिलं. झेंड्यासमोर आम्ही एवढ्या शिस्तीत कधी उभे राहिलो नव्हतो.

"अगं, पाणी काय, पुढच्या आठवड्यात पुन्हा येईल!" आण्णा कळवळले.

"अहो, सतरा सप्टेंबर पण पुढच्या वर्षी येईलच की," आई म्हणाली. पाइप हलला नाही.

आजीने रझाकारी डोळ्यांनी पाहिलेली, ज्वारीच्या रानात लपलेली. तिच्याकडे आण्णांनी आशेने पाहिलं. आजी म्हणाली, "रझाकारीत आडाला पाणी तरी व्हतं बाबा."

हा घाव वर्मी लागला. आण्णा एकटेच निघाले. फाटकात पोचले आणि मैदानावरच्या भोंग्यातून राष्ट्रगीत सुरू झालं. आण्णा जागच्या जागी सावधान. आम्हीही. समोरची काकू घागर कमरेवर घेऊन सावधान, शेजारचा बनियनवर, तोंडात ब्रश, सावधान. अख्ख्या गल्लीत हलत होती ती एकटी टिल्लू.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. आमची घागर पंधरा सेकंदांत भरते.

घागर भरली, सांडू लागली. आईची मान ताठ, पण बुबुळं घागरीवर. पाणी अंगणातून फरशीवर, फरशीवरून फाटकाकडे निघालं. आठ दिवसांनी आलेलं पाणी, आणि बोट लावायची सोय नाही! त्याने आण्णांच्या चपला गाठल्या, पायजम्याची बॉर्डर भिजवली. आण्णा हलले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि पाण्याचं फार वाईट वाटलं. दोन्हींत जास्त काय, ते विचारू नका.

भोंग्यातून "भारत माता की" आलं. गल्लीने "जय" म्हटलं ते पाइपवर झडप घालतच.

आण्णा वळले. ओल्या पायजम्याकडे पाहिलं, सांडलेल्या पाण्याकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं. मग सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत घेतला आणि दोन घागरी उचलत आईला विचारलं, "पिण्याचं आधी भरलं का?"