वाण नव्हे, प्रजाती: निपाणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

उत्क्रांतीची कल्पना कशी घडत गेली यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही निपाणीहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप तीन. शास्त्रज्ञ दर पिढीला मत बदलतात, मग धरायचं कुठलं? वाण कितीही काढा, तंबाखू शेवटी तंबाखूच राहते. एका प्रजातीतून दुसरी झालेली कुणी पाहिली? आणि वाटाणे, फिंच पक्षी पुरे झाले, आमच्या सीमाभागातल्या रानातलं काही सांगा.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो सर्वांत दमदार आहे. वाण म्हणजे एकाच प्रजातीतला प्रकार; तो वेगळा आणि प्रजाती वेगळी, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि माझ्या लेखात तो फरक नीट आला नव्हता. पण तुमच्या रानातली तंबाखू हीच दोन प्रजातींच्या संकरातून जन्मलेली तिसरी प्रजाती आहे. तिचं शास्त्रीय नाव निकोटियाना टबॅकम. आईचं कूळ सिल्व्हेस्ट्रिस, बापाचं टोमेंटोसिफॉर्मिस. दोन्ही दक्षिण अमेरिकेतल्या रानटी प्रजाती. त्या दोघींच्या पेशीत 24-24 गुणसूत्रं, म्हणजे आईबापांचे गुण पुढे नेणारे धागे, तंबाखूच्या पेशीत 48.

हे 48 कुठून आले ते बघा. पराग किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रं आपापल्या जोडीदाराशी जुळतात आणि मग निम्मी निम्मी वाटली जातात. एकीकडून 12 आणि दुसरीकडून 12 अशी एका रोपात आली, की बैल चोवीस पण जोडी धड एकही नाही, अशी गत होते. वाटणी वेडीवाकडी होते, पराग पोचट निघतो, बोंडात बी धरत नाही. पण क्वचित पेशी विभागायची राहून जाते आणि 24 ची 48 होतात. आता प्रत्येकाला स्वतःची जुळी प्रत मिळाली. वाटणी सरळ, बी भरलेलं. हेच रोप पुन्हा सिल्व्हेस्ट्रिसशी लावलं तर 24 आणि 12 मिळून 36, त्यातली निदान 12 परत एकटी. आईच्या कुळाशी सोयरीक तुटली. प्रजाती वेगळी झाली म्हणतात ती यालाच.

आता ‘कुणी पाहिलं?’ याचं उत्तर. गुणसूत्रं दुप्पट होऊन नवी प्रजाती होऊ शकते, असा तर्क डेन्मार्कच्या विंगे यांनी 1917 मध्ये मांडला. कॅलिफोर्निया विद्यापीठात क्लॉसन आणि गुडस्पीड यांनी आपल्या याच तंबाखूचा ग्लुटिनोसा या तिच्या रानटी भाऊबंद प्रजातीशी संकर केला. 36 गुणसूत्रांची रोपं वांझ निघाली, पण एक रोप फळलं. त्याची गुणसूत्रं मोजली तर 72. हे 1925 मध्ये छापून आलं. माणसाने हात न लावताही असं घडतं. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ट्रॅगोपोगॉन नावाच्या तीन रानफुलांच्या संकरातून तिथे दोन नव्या प्रजाती झाल्या. त्यांचं वर्णन ओन्बी यांनी 1950 मध्ये केलं.

तंबाखूचं या इतिहासाशी नातं त्याहूनही जुनं आहे. कोलरॉयटर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1760 च्या सुमारास रस्टिका आणि पॅनिक्युलाटा या तंबाखूच्याच दोन प्रजातींचा संकर केला. रोपं दोघांच्या मधली, पण जवळजवळ वांझ. खेचराला पिलं होत नाहीत तसंच हे, असं तो म्हणाला आणि त्याला समाधान वाटलं. प्रजातींमधली कुंपणं शाबूत आहेत, हा त्याचा निष्कर्ष. शंभर वर्षांनी, निसर्गच तगणारे जीव निवडतो आणि त्यातून नव्या प्रजाती होतात असं मांडणाऱ्या डार्विनने 1859 च्या ग्रंथात संकरावरचं अख्खं प्रकरण लिहिताना कोलरॉयटरचेच प्रयोग पुढे ठेवले आणि दाखवलं की वांझपणा कमी-जास्त असतो, कुंपण सगळीकडे सारखं नाही. प्रयोग तोच, अर्थ बदलला.

इथून तुमच्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. मत बदललं, पण कुणाच्या लहरीने नाही. 1867 मध्ये जेंकिन या इंजिनिअरने डार्विनला गाठलं ते हिशेबाने. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळत असतील, तर एखाद्या रोपात आलेला चांगला बदल पुढच्या पिढीत निम्मा, मग पाव, आणि दहाव्या पिढीत 1024 वा हिस्सा उरेल. मग निसर्गाने निवड करायची कशाची? आक्षेप बिनतोड होता. डार्विनने 1868 मध्ये गुण पुढे कसे जातात याची आपली कल्पना छापली, की शरीरभरातून सूक्ष्म कण जमून बीजात उतरतात. डार्विनचा नातेवाईक शास्त्रज्ञ गॅल्टन याने सशांना दुसऱ्या जातीच्या सशांचं रक्त भरून ते तपासलं. पिलांत काही फरक पडला नाही.

मला चटका लागतो तो पुढच्या गोष्टीने. डार्विनच्या 1868 च्याच ग्रंथात स्नॅपड्रॅगन फुलाचा प्रयोग आहे. नेहमीचं फूल आणि वेगळ्या घडणीचं फूल यांच्या संकराची पुढची पिढी: 88 नेहमीची, 37 वेगळी, 2 मधली. दुधात पाणी असतं तर बहुतेक सगळी मधली निघायला हवी होती! उत्तर हातात होतं, ते ओळखलं गेलं नाही. दोनच वर्षं आधी मेंडेल या मठवासी संशोधकाने वाटाण्याच्या संकराचे आकडे छापले होते: 5474 गोल, 1850 सुरकुतलेले. सुरकुती पुसट झाली नव्हती, एक पिढी झाकून राहून जशीच्या तशी परत आली होती. या कामाकडे लक्ष गेलं 1900 मध्ये, आणि जेंकिनचा आक्षेप तिथे निकालात निघाला.

तंबाखू एका उडीत झाली, हे डार्विनच्या ‘निसर्ग उड्या मारत नाही’ या मताविरुद्ध जातं, हे मान्यच. पण उडीने फक्त नवं रोप मिळतं. ते तगणार की मरणार, हे निवडच ठरवते.

संकर हाताने करून बघायचा असेल तर बियाण्यासाठी शेंडा न खुडता राखलेलं झाड घ्या. उद्या उमलेल अशी, टोकाला गुलाबी झाक आलेली कळी निवडा, चिमट्याने नळी उभी चिरा आणि पाचही परागकोश काढा. त्यातला एकही फुटलेला असेल तर ती कळी सोडून द्या, नाहीतर स्वतःच्याच परागाने बी भरेल आणि संकर झाला असं वाटेल. मग दुसऱ्या झाडाचा ताजा पराग मधल्या चिकट टोकावर लावा, कागदी पिशवी बांधा, चिठ्ठी लावा.

त्या 72 गुणसूत्रांच्या रोपाचं पुढे काय झालं, तेही तुमच्या कामाचं आहे. ग्लुटिनोसात मोझॅक या विषाणूच्या रोगाला अडवणारं जनुक होतं. होम्स या संशोधकांनी 1938 मध्ये ते त्याच वाटेने, पुन्हा पुन्हा तंबाखूशी संकर करत, तंबाखूत आणलं. ते असलेल्या झाडाचं पान मोझॅक लागल्यावर चट्टेरी होत नाही. विषाणू शिरला तेवढा ठिपका वाळतो आणि रोग तिथेच अडकतो.