रेषेबाहेरून ओरडणं थांबवूया

रविवारी लेकाची फुटबॉलची मॅच होती. नऊ वर्षांखालची पोरं, एकेका बाजूला पाच जण. बॉल पायात आला आणि लेकानं गोलकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघितलं. मी "मार" म्हणतोय की "पास दे", याची वाट बघत थांबला. तेवढ्यात समोरच्यानं बॉल काढून नेला.

ती नजर डोळ्यांसमोरनं जात नाही.

आम्ही कोल्हापूरची माणसं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की माझाही घसा बसतो. पण तिथं खेळणारे गडी मोठे, तो आवाज झेलायला तयार झालेले. तोच आवाज आपण आठ वर्षांच्या पोरावर सोडतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून तर प्रत्येक बापाला आपल्या पोरात अनिकेत दिसतो. स्वप्न वाईट नाही, पण ते पोराला स्वतःला पडू दे की!

पास द्यायचा की बॉल पुढं काढायचा, हे ज्याच्या पायात बॉल आहे त्यालाच ठरवू द्या. दहादा चुकेल, तेव्हाच शिकेल. सर एक सांगतात, बाप दुसरं ओरडतो, पोरानं ऐकायचं कुणाचं?

त्याच मॅचला थ्रो-इनवरून, म्हणजे रेषेबाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकला त्यावरून, गोल झाला आणि पालक "ऑफसाइड, ऑफसाइड" करत रेफ्रीवर धावले. ऑफसाइड म्हणजे समोरच्यांच्या गोलजवळ आधीच पुढं जाऊन पास घेणं, पण थेट थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. रेफ्री कॉलेजचा पोरगा होता, त्याचा चेहरा पडला. आणि आपली पोरं हे सगळं बघत उभी होती.

नॉर्वेत ११ वर्षांच्या आतल्या मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते लावत नाहीत. गोलांसाठी जगभर नावाजलेला एर्लिंग हालंड तिथंच लहानाचा मोठा झाला. मग आपल्यालाच एवढी घाई कसली?

टाळ्या वाजवा, समोरच्या टीमच्या चांगल्या खेळालाही वाजवा. हरल्यावर घरी जाताना तरी मॅचचा विषय काढू नका. मी पूर्वी गाडी सुरू करतानाच चुका मोजायचो. मागं बसलेलं पोरगं गप्प असायचं.

रविवारी फक्त विचारलं, "भूक लागली का रे?"

रंकाळ्यापर्यंत काही बोलला नाही. मग पाठीला डोकं टेकवून म्हणाला, "बाबा, त्या लाल शर्टवाल्याच्या दोन पायांमधनं मी बॉल काढला, बघितलास का?"

मी बघितलंच नव्हतं. गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "नाही रे, सांग, कसा काढलास?"