‘अंधार, जुनी भांडी आणि रणरणतं ऊन’: तुमच्या अभिप्रायाला संग्रहालयाचं उत्तर

नमस्कार.

मे महिन्यात तुम्ही सहकुटुंब आमच्या कोकणातल्या संग्रहालयात आलात आणि दोन तारे देऊन लिहिलंत की शंभर रुपयांच्या तिकिटात अंधाऱ्या खोल्या, जुनी भांडी आणि बरणीतले रंग उडालेले मासे दिसले. आम्ही ‘निसर्ग’ म्हणतो, पण पेंढा भरलेला एक वाघसुद्धा नाही, असंही लिहिलंत. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, नेलं तर कातळशिल्प, म्हणजे कातळात कोरलेलं जुनं चित्र, दिसलंच नाही, वर आमचा माणूस मुलावर खेकसला, हीही तुमची तक्रार.

आधी मुलाबद्दल. तो धावत थेट कोरलेल्या रेघांवर गेला आणि आमचा सहकारी घाबरून ओरडला. जांभा वरून टणक वाटतो, पण रेघांच्या कडा पायांखाली झिजतात, म्हणून थांबवणं बरोबर होतं. ओरडणं मात्र चूक. सड्यावर पाऊल ठेवण्याआधी मुलांना जवळ बसवून हे सांगायचं, असा आमचाच नियम आहे आणि त्या दिवशी तो पाळला गेला नाही. तुमची आणि त्याची मनापासून माफी मागते.

चित्र दिसलं नाही, यात तुमचा काहीच दोष नाही. दुपारी एक वाजता तुम्हाला तिथे पाठवायलाच नको होतं. सूर्य डोक्यावर असला की उथळ रेघांमध्ये सावली पडत नाही आणि अख्खा कातळ सपाट दिसतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तिरपा प्रकाश आला की तोच कातळ वाचता येतो. रेघा उठून दिसाव्यात म्हणून काही ठिकाणी लोक खडू किंवा चुना भरतात. ते आम्ही कधीही करणार नाही. पण सकाळी अकरा ते दुपारी चार सड्यावर कुणालाही न्यायचं नाही, हे तुमच्या अभिप्रायानंतर ठरवलं आहे. तिकीट देतानाच तसं सांगतो.

आता अंधार. तो मुद्दाम ठेवलेला आहे. ज्या खोलीत तुम्हाला ठेचकाळल्यासारखं झालं, तिथे मोडी लिपीतले कागद आणि जुनी लुगडी आहेत. अशा कागद-कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पाडू नये, असं संग्रहालयांत मानतात. उजेडाने झालेलं नुकसान भरून निघत नाही. उडालेला रंग आणि फिकी पडलेली शाई परत येत नाही. फ्लॅशला मनाई आहे तीही याच काळजीपोटी. मात्र पाट्यांची अक्षरं बारीक आहेत, ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी. मोठ्या अक्षरांच्या पाट्या करायला दिल्या आहेत आणि उंबऱ्यांवर पांढरी पट्टी लावली आहे.

वाघाचं म्हणाल तर तो आमच्याकडे कधीच येणार नाही. तुम्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी तुलना केलीत. ते १९२२ साली लोकांसाठी खुलं झालं आणि तिथलं प्राण्यांचं दालन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं. तो काळ वेगळा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असा वाघ बाजारातून आणणं हा गुन्हा आहे. खवले मांजराचे खवले घेऊन माणसं आमच्या दारात आली आहेत. आम्ही ते घेत नाही, कारण एकदा घेतले की पुढचं जनावर मारलं जातं.

आणि त्या बरण्या. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावात, माशाचा रंग जातो, आकार टिकतो. त्यातल्या एका बरणीत पाकट हा चपटा, लांब शेपटीचा मासा आहे, शेजारच्या बरणीत मुशीचं, म्हणजे शार्कचं, पिल्लू. त्यांच्यामागच्या भिंतीवर कोकणातल्या कातळांवरच्या पाकटाची आणि मुशीची रेखाटनं आहेत. ज्यांनी ती कोरली, त्यांना हे मासे नीट माहीत होते. याच कोकणातल्या कातळांवर हत्ती आणि गेंडाही आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. गेंडा आज कोकणात नाही, पाकट मात्र अजून आमच्या बंदरावर उतरतं. माझ्या मते आमच्या अख्ख्या संग्रहालयात बघण्यासारखं काही असेल तर ती भिंत. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली, तेव्हा आम्ही त्या भिंतीपाशीच पेढे वाटले होते. तुम्ही तिथून एका मिनिटात पुढे गेलात, कारण तिथे थांबून सांगायला आमचं कुणीच नव्हतं. आता सकाळी आणि संध्याकाळी तिथे एक जण उभा असतो.

जुनी भांडी म्हणालात, ती पायली आणि अधोली. त्यांत भात मापलं जायचं. शेजारचं इरलं पाठीवर घेऊन बायका भर पावसात भाताची लावणी करायच्या. माझ्या आजीचं आहे ते.

तिकिटाचे पैसे परत हवे असतील तर या अभिप्रायाखाली कळवा, विनातक्रार देऊ. पण दिवाळीनंतर, सड्यावरचं गवत वाळलं की, एकदा सकाळी साडेसहाला या. तुमच्या मुलाला मी स्वतः घेऊन जाईन.