बारा रकाने

माझा भाचा विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहतो. गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मावशी, झोपलीस का?" एवढंच बोलला आणि गप्प. मला वाटलं ताईला काही झालं. पाचेक मिनिटांनी तोंडातून शब्द फुटले. त्याच्या क्रिप्टो वॉलेटमधलं, म्हणजे आभासी चलन ठेवायच्या ॲपमधलं, सगळं इथेरियम हे चलन गेलं होतं. तीन लाख चाळीस हजारांचं. चार वर्षं पगारातून थोडं थोडं घेऊन ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले. ज्या पानावर हे घडलं त्याचा त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. वॉलेटचा हुबेहूब लोगो, तोच रंग. 'चोवीस तासांत केवायसी पूर्ण करा, नाहीतर वॉलेट बंद होईल.' खाली एक ते बारा आकडे घातलेले रकाने. पोराने कपाटातली वही काढली, मागच्या पानावर लिहून ठेवलेले वॉलेटचे बारा गुप्त शब्द स्पेलिंग तपासत एकेक करून भरले आणि बटण दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं. चहा गाळून परत येईपर्यंत वॉलेट शून्यावर.

तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस त्याला एकच ऐकवतंय, कशाला पडलास असल्या फंदात, हाव नडली. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून लिहायला बसले. दादरच्या एका सहकारी बँकेत मी सव्वीस वर्षं नोकरी केली. केवायसी द्या नाहीतर खातं गोठेल, हे काउंटरपलीकडच्या माणसाला मी स्वतः हजारदा सांगितलंय. त्या वाक्याला घाबरून कागद पुढे करायची सवय आम्हीच लावली. चोराने तेच वाक्य उचललं. भाच्याच्या हातून हावेचं काहीच घडलं नाही, त्याने इमानदारीत फॉर्म भरला.

त्यातली नऊ वर्षं माझ्याकडे लॉकर होते, म्हणून वॉलेट समजावायला तेच उदाहरण देते. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक ग्राहकाची. ग्राहकाची हरवली तर अर्ज घ्यायचा, खर्च भरून घ्यायचा, त्याच्यासमोर लॉकर फोडायचा. त्रास होतो, पण वस्तू मिळते. वॉलेटमध्ये बँकेची किल्लीच नाही. बारा शब्द, काही वॉलेटना चोवीस, ही एकुलती एक किल्ली. ते कळले की चोराला तुमचा फोन नको, ओटीपी नको, सही नको. तो आपल्या मोबाइलवर तेच वॉलेट उघडतो. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात, आणि तरीही बारांचा नेमका क्रम अंदाजाने शोधणं आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. चोराला ते तुमच्याकडूनच काढून घ्यावे लागतात.

म्हणून, ज्याचे शब्द तुमच्याकडे आहेत अशा वॉलेटला केवायसी नसते. त्याचा कस्टमर सपोर्टवाला कधीही शब्द मागत नाही. टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर, ईमेलवर ज्याने मागितले तो चोर, पुढे बोलूच नका. शब्द टाकायचा प्रसंग एकच, फोन बदलला किंवा बिघडला आणि वॉलेट परत उभं करायचं आहे. तेव्हाही ॲप वॉलेटच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या, गूगलमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारू नका.

एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, ठेवलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. तिथे केवायसी असते, पासवर्ड बदलून मिळतो, पण किल्ली त्यांच्याकडे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलर्सची नाणी चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांची काहीच चूक नव्हती.

शब्दांचा फोटो काढून ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगते, आजच तो पुसा, क्लाउडमधूनही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवरच्या काही ॲप्समध्ये फोटोंतला मजकूर वाचून हेच शब्द शोधणारा घातक कोड दडलेला होता. कागदावर लिहा, दोन प्रती, दोन घरांत. आणि शब्द न देताही पैसे जातात, हेही लक्षात असू द्या. 'फुकट टोकन (क्रिप्टोची नाणी) घ्या' म्हणणारी साइट वॉलेट जोडायला लावते आणि एक परवानगी मागते. 'अप्रूव्ह' दाबलं की तुमची टोकन्स हवी तेव्हा उचलायचा अधिकार तिला मिळालेला असू शकतो.

मला सगळ्यात जास्त दुःख झालं ते निराळ्याच गोष्टीचं. पोराने बुधवारी रात्रीपर्यंत कुठेच तक्रार केली नव्हती. म्हणाला, "मावशी, पोलीस हसतील गं. क्रिप्टो म्हटल्यावर मलाच काहीबाही विचारतील." अरे, एप्रिल २०२२ पासून सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतंय, जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस कापतंय. ज्या मालावर कर भरायचा तो चोरीला गेला तर तक्रार करायला लाज कसली? त्याच्या समोर बसून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायला लावला, रात्रीच राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर अर्ज भरून घेतला. नुसतं 'पैसे गेले' लिहून भागत नाही. व्यवहाराचा हॅश (म्हणजे त्याचा ओळख क्रमांक), चोराच्या वॉलेटचा पत्ता, वेळ, त्या बनावट साइटची लिंक, स्क्रीनशॉट, सगळं जोडायचं. मध्ये बँक नसल्यामुळे पैसे अडवायची जागा बहुतेक वेळा एकच उरते, चोर ती नाणी विकायला एखाद्या एक्सचेंजवर आणतो तेव्हा. त्या क्षणी तक्रार नोंदलेली असेल तरच पोलीस खातं गोठवायला सांगू शकतात.

भाचा अजून रोज रात्री तो पत्ता उघडून बघतो. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सार्वजनिक खातेवहीत, सगळं उघडं असतं, स्वतःचे पैसे परक्याच्या नावावर पडलेले दिसतात, हात लावता येत नाही. परवा जेवायला बसले होते तेव्हा त्याचा फोन आला. "मावशी, तिथून थोडे हललेत. एका एक्सचेंजच्या पत्त्यावर गेल्यासारखं दिसतंय."

मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, "नवा हॅश आत्ता पाठव तपास अधिकाऱ्यांना, आणि सकाळी चौकीत जाऊन पोच घेऊन ये. मी येते सोबत."