रॅम्प झाला, पण गेटातून आत कसं जायचं?

बातमीत लिहिलंय की बगिच्यांमध्ये व्हीलचेअरसाठी वाट करून राहिले, चांगलंच आहे बाप्पा, पण एकदा डिसेंबरात सकाळी सातला येऊन पाहा म्हणा. नागपूरची थंडी काही कमी नाही, 2018 च्या 29 डिसेंबरला पारा 3.5 वर आला होता. मी आईला कोवळ्या उन्हासाठी घराजवळच्या बगिच्यात नेतो, तर पहिला अडथळा गेटवरच. मोटरसायकली आत जाऊ नये म्हणून खांब गाडलेत, आणि खुर्चीला नेमकी दोन बोटं जागा कमी पडते, निदान 900 मिमी तरी सोडा ना भाऊ. कशीबशी खुर्ची आत घेतली तर तिथं मुरूम, पावसाळ्यात वाहून मध्ये नाली पडलेला. दिवाळीच्या आत पाणी मारून रोलर फिरवला असता तर हिवाळाभर टणक राहिला असता, आता वरून नुसता सैल टाकलाय, पुढची लहान चाकं अशी रुततात की खुर्ची उलटी फिरवून मागच्या चाकांवर ओढत न्यावी लागते. झाडाखालच्या टाइल्सवर शेवाळ तसंच, त्यावर दव पडलं का साबणासारखं! आणि पाइपही नेमका सकाळीच सोडतात, दहानंतर पाणी दिलं तर काय बिघडते? रॅम्प मात्र मस्त, 1:12 चा उतार, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ, रेलिंगपण आहे, फक्त पायथ्याशी रोज कोणाची तरी स्कूटी उभी असते. मागच्या रविवारी आईनं सांगूनच टाकलं, "अंगणातच बसव मले, तिथं ऊनही आहे अन् संत्रं सोलाले जागाही."