टर्म किती वर्षांची हवी? पंगतीत बोलण्यासाठी काही सूचना

परवा एका मुंजीत, मठ्ठा वाढायच्या आत आमचे एक भावोजी सुरू झाले. "आमदाराला पाच वर्षं कमी पडतात हो! दोन शिकण्यात, एक आचारसंहितेत. सरळ सात करा." आख्खी पंगत माना डोलवत होती. तुम्हालाही असं वजन हवं असेल तर ऐका.

आकडा कुठलाही धरा. सहा, सात, दहा. कारण विचारलं तर जिलबी मागा.

'एक देश, एक निवडणूक' म्हणा, पण डिसेंबर 2024 मध्ये मांडलेलं विधेयक वाचू नका. विधानसभा मुदतीआधी बरखास्त झाली तर पुढची फक्त उरलेल्या काळापुरती, असं त्यात आहे. खर्च वाचवायला निघालात आणि वर्ष-दीड वर्षासाठी पुन्हा बोटाला शाई!

1976 चा विषय आला तर हात धुवायला उठा. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा मधू लिमयांनी 'माझी पाच वर्षं संपली' म्हणून खासदारकी सोडली. तीही तुरुंगातून. असली माणसं पंगतीची मजा घालवतात. (तेव्हा घटनादुरुस्ती करून सहा वर्षं केलेली मुदत 1978 मध्ये परत पाचावर आणावी लागली.)

2019 च्या विधानसभेत पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले, हे काढूच नका. झाडी-डोंगरही नको.

महापालिकेबद्दल तर चकार शब्द नको. राज्यघटनेत महापालिकेला पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, असं स्वच्छ लिहिलंय. मुंबईची मुदत मार्च 2022 ला संपली, मतदान जानेवारी 2026 ला. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत तर 2020 पासून प्रशासक. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मग तारीख पे तारीख. आख्खी एक टर्म नगरसेवकाशिवाय गेली! आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं तेव्हा मी अकरा खेपा घातल्या. अकरा! दर वेळी "साहेब मीटिंगला गेलेत". शिव्या घालायला तरी एक निवडून दिलेला माणूस असावा की नाही? नाकाला रुमाल लावून जिना उतरायचो, आणि हे म्हणे सात करा!

कसली सात, भावोजी? चार वर्षं खुर्च्या रिकाम्या होत्या तेव्हा तुम्हाला पत्ता नव्हता. तुमचा वॉर्ड नंबर सांगा बरं. नाही ना येत? आणि 15 जानेवारीला मत द्यायला तरी गेला होतात का? शुक्रवारची रजा टाकून महाबळेश्वरला होतात. फोटो मीच लाइक केलेत.